चालेल!

माणसानं आयुष्यात एकदा तरी कानस हातात धरावी, असं अलीकडं माझं मत झालं आहे. झालं आहे म्हणण्यापेक्षा आमच्या भाच्यानं ते घासूनपुसून तयार केलं आहे, हे म्हणणं जास्त खरं. एरवी मी बी.कॉम. झालेला, बँकेत कारकुनी करणारा, सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ. लोखंडाशी माझा संबंध दोनच ठिकाणी येतो. एक, स्ट्राँगरूमच्या दारापाशी आणि दुसरा, विरार लोकलच्या दारातल्या दांडीपाशी. पैकी पहिल्या लोखंडाची किल्ली साहेबांकडं असते आणि दुसऱ्या लोखंडापर्यंत हात पोचायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं.

परंतु मला लिहायचं आहे ते लोखंडावर नव्हे. 'चालेल' या शब्दावर.

मराठीत 'हो' आणि 'नाही' यांच्या मधोमध जी ऐसपैस जागा आहे, तिथं हा शब्द पाय पसरून बसलेला असतो. चहा गार झालाय, चालेल. मुलाला चष्मा आहे, चालेल. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, 'चालेल ना?' असं म्हणत अर्धी मांडी टेकतो, आणि वसई रोड ते चर्चगेट उरलेली अर्धी मांडी हवेत धरून जातो. तिघं सरकतात. चौथा बसतो. जग चालतं. आमच्या पापडीत तर या शब्दावाचून कुणाचं पान हलत नाही. रिक्षावाल्याकडं सुटे नसतात, गवंड्याच्या भिंतीला पोट सुटलेलं असतं, आणि 'उद्या येतो' म्हणालेला नळवाला पुढच्या महिन्यातल्या उद्याला उगवतो. आपण म्हणतो, चालेल.

या शब्दाला फक्त एका ठिकाणी प्रवेश नाही आणि दुर्दैवानं मी नेमका तिथंच नोकरीला आहे. बँकेत 'साधारण बरोबर' अशी गोष्ट नसते. माझे जुने सहकारी सांगायचे, हातानं खतावण्या लिहिण्याच्या काळात पासष्ट पैशांचा फरक शोधायला अख्खी शाखा रात्री साडेआठपर्यंत बसायची. कुणीतरी चिडून म्हणायचं, 'अहो, माझ्या खिशातले एक रुपया घ्या आणि घरी चला!' पण तसं करता येत नसे. कारण मग पस्तीस पैसे जास्त व्हायचे.

तर अशा शून्य चुकीच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासमोर एक दिवस ताईनं तिचा मुलगा आणून उभा केला. दहावी झाला होता. मार्क बरे होते. पण त्याला कॉमर्सला जायचं नव्हतं. आयटीआयला जाऊन फिटर व्हायचं होतं.

"अरे, तू तरी सांग त्याला," ताई म्हणाली. "मामासारखा बँकेत लागला असता. पंख्याखाली बसून काम!"

मी गंभीर चेहरा केला. आमच्या घराण्यात कुणीही काहीही करायचं म्हटलं, की सल्ल्याला मला बोलावतात. कारण मी स्वतः आयुष्यात काहीच वेगळं केलेलं नाही. मेहुण्यांचा समज असा, की फिटर म्हणजे नळ बसवणारा. ताईला भीती वाटत होती ती लग्नाची. 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'कानस मारतो' हे उत्तर कसं द्यायचं? मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण काढलं. मोठ्या माणसांची उदाहरणं अशा वेळी फार उपयोगी पडतात. ती माणसं हजर नसतात. लक्ष्मणराव जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, तिथं रंग नीट ओळखता येत नाहीत असं ध्यानात आलं, तेव्हा ते यंत्रांच्या रेखाटनाकडं वळले. पुढं १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर केले, आणि लोखंडानं जमीन विषारी होईल असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना ते विकूनही दाखवले. ताई म्हणाली, "आमच्याला रंग चांगले दिसतात." या मुद्द्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तरी भाचा आयटीआयला गेलाच.

पहिले कित्येक आठवडे त्याला फक्त घासायला लावलं. हाताच्या पंजाएवढा पोलादाचा एक तुकडा द्यायचा, तो वाईसमध्ये पकडायचा आणि कानशीनं घासून त्याच्या कडा सपाट व काटकोनात आणायच्या. मग त्यावर गुण्या ठेवायचा आणि उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की पुन्हा घासायचं. मला हा प्रकार निर्बुद्धपणाचा वाटला. यंत्रं पाचशे मिनिटांचं काम पाच मिनिटांत करत असताना पोराचे हात का सोलायचे?

एका रविवारी त्यानं घरी वाईस आणला, मागच्या अंगणातल्या फळीला लावला आणि मला म्हणाला, "मामा, तुम्ही करून बघा ना."

मी करून बघितलं. कानस धरायची कशी इथपासून सुरुवात होती. डावा पाय पुढं, उजवा मागं, कोपर अंगाशी, आणि जोर फक्त पुढं जाताना. कानस पुढं जाताना कापते. परत येताना तिच्यावर जोर दिला तर लोखंड कापलं जात नाही, नुसते दातच झिजतात. कानशीच्या दातांत लोखंडाचा किस अडकू नये म्हणून तिच्यावर खडू घासतात, हेही मला तेव्हाच कळलं. मी अर्धा तास घासलं. शर्ट भिजला, चष्मा दोनदा नाकावरून घसरला, आणि शेवटी विजयी मुद्रेनं मी गुण्या ठेवला. मधोमध टेकला होता आणि दोन्ही टोकांना एवढा उजेड येत होता, की त्यात पेपर वाचता आला असता.

"गाढवाची पाठ झाली," भाचा म्हणाला. "नवशिक्याची अशीच होते. हात झोके घेतो ना, टोकं जास्त कापली जातात. तुम्हाला वाटतं आपण सरळ चाललोय."

'तुम्हाला वाटतं आपण सरळ चाललोय' हे वाक्य त्यानं कानशीबद्दल म्हटलं होतं. मला उगीचच घाम जास्त आला. ते गाढव मी अजून जपून ठेवलं आहे.

दोन वर्षांनी तो परीक्षा पास झाला आणि वसई पूर्वेच्या एका कारखान्यात वर्षभरासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. करारनामा आला तेव्हा मी तो ताब्यात घेतला. कागद दिसला की वाचायचा ही माझी जन्माची खोड आहे. मूळ कायदा १९६१ चा. त्याच्या अठराव्या कलमात स्वच्छ म्हटलं आहे, की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्याला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ते शिक्षणानुसार महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. करारात तसं लिहिलं नसेल, तर वर्ष संपल्यावर त्याला ठेवूनच घ्यावं असं बंधन मालकावर नाही.

मी विचारात पडलो. सकाळी आठला जातो, संध्याकाळी काळा होऊन परत येतो, तरी हा कामगार नव्हे. मग आठ तास तिथं हा करतो काय? शिकतो. बरं, शिकतो ते काय? काम. म्हणजे शिकणं कुठं संपतं आणि राबणं कुठं सुरू होतं? त्याच यंत्रावर, तोच जॉब, शेजारचा माणूस करतो तेव्हा ते उत्पादन असतं आणि हा करतो तेव्हा शिक्षण असतं, हा वेदान्त माझ्या आवाक्याबाहेरचा होता. स्वस्तातला हात हवा असला, की त्याला विद्यार्थी म्हणायचं, अशी युक्ती आपल्या देशात नवी नाही, हेही मनात येऊन गेलं. या प्रश्नाचं उत्तर मला कलमांत मिळालं नाही. ते पुढं भंगाराच्या डब्यात मिळालं. पण त्याआधी 'टॉलरन्स'बद्दल सांगायला हवं.

भाच्यानं एकदा जेवताना ताटाशेजारी एक ड्रॉइंग पसरलं. एका पट्टीला भोक पाडायचं होतं. माप २५ मिलिमीटर. पुढं बारीक अक्षरांत: अधिक ०.०२१, वजा ०.

"म्हणजे भोक पंचवीसपासून पंचवीस पूर्णांक एकवीस सहस्रांशापर्यंत कितीही झालं तरी चालेल," तो म्हणाला. "पण पंचवीसला एक सहस्रांश जरी कमी, तरी नाही चालणार."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. 'चालेल' हा शब्द, चक्क मोजून, छापील कागदावर! आमच्या बँकेत हे असतं तर काय बहार झाली असती! रोख शिल्लक: पाच लाख, अधिक एकवीस रुपये, वजा शून्य. सगळे साडेपाचच्या गाडीनं घरी.

"पण बरोबर पंचवीस का नाही करत?"

"बरोबर असं काही नसतंच मामा. ज्या मायक्रोमीटरनं मोजाल त्यालाही चूक असते. आणि समजा झालंच, दांडा बरोबर पंचवीस आणि भोकही बरोबर पंचवीस, तर दांडा आत सरकणारच नाही. फिरायचा असेल तर तेलाला जागा नको?"

शून्य फरकाच्या दोन वस्तू एकत्र नांदत नाहीत, हे ऐकून मी बायकोकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या संसाराला बावीस वर्षं झाली आहेत आणि भरपूर तेल लागलं आहे.

ही कल्पना समजून घेण्यासाठी मी पुढं थोडं वाचलं. जेम्स वॅटनं वाफेचं इंजिन सुधारलं हे आपण शाळेत घोकतो. परंतु त्याचं इंजिन बरीच वर्षं कागदावरच होतं, कारण सिलिंडर सरळ गोल कोरून देणारा माणूस मिळत नव्हता. दट्ट्याच्या कडेनं वाफ निसटायची. मग जॉन विल्किन्सननं १७७४ साली कोरण्याचं नवं यंत्र काढलं आणि वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन १७७६ साली आनंदानं लिहितो, की पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही. लोखंडातली चूक नाण्यानं मोजलेली पाहून मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. आणि गंमत अशी, की खुद्द वॅटला ग्लासगोच्या कारागीर संघानं दुकान घालू दिलं नव्हतं. का, तर त्यानं सात वर्षांची उमेदवारी केलेली नव्हती! विद्यापीठानं आपल्या आवारात खोली दिली म्हणून बरं.

आता मूळ गोष्ट.

श्रावणातली एक रात्र. पावसानं वीज गेलेली. भाचा भिजत आमच्या घरी आला आणि ओसरीवरच बसला. चहा नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं.

त्याला चाळीस पट्ट्या दिल्या होत्या. प्रत्येकीत तेच पंचवीसचं भोक. ड्रिल मारायचं, मग रीमर फिरवून माप आणायचं. शेवटी गेजनं तपासायचं. या गेजला दोन टोकं असतात. एक 'गो', ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं 'नो-गो', ते जाता कामा नये. (देवानं माणसं करताना ही सोय का ठेवली नाही कोण जाणे.) संध्याकाळी सुट्टी व्हायच्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं, की तीन पट्ट्यांत 'नो-गो' सुद्धा आरामात जातंय. रीमरच्या दातांत किस अडकला होता, घाईत पुसला नव्हता, भोकं दोन शतांशानं मोठी झाली होती. केसाच्या जाडीहूनही कमी. तिन्ही पट्ट्या त्यानं बाकाखाली पुसायच्या चिंध्यांत दडवल्या आणि घरी आला. सकाळी माल तपासणीला जायचा होता. करार संपायला चार महिने होते, आणि उस्तादांच्या शेऱ्यावर पुढची नोकरी अवलंबून होती.

"तपासणीला किती काढतात?" मी विचारलं.

"चाळिसात चार. हाताला येतील त्या."

मी आत गेलो, मेणबत्ती आणि पेन्सिल घेऊन आलो. बी.कॉम.ला शिकलेलं स्टॅटिस्टिक्स आयुष्यात प्रथमच कामी येत होतं. चाळिसात तीन खराब, त्यातून चार उचलायच्या, एकही खराब हाती न येण्याची शक्यता शंभरात बहात्तर! मी आकडा दोन वेळा तपासला, कारण हिशोबाच्या बाबतीत मी काटेकोर आहे.

"मिसळून दे सकाळी," मी म्हणालो. "दोन शतांशानं काय आभाळ कोसळतंय? चालेल. पुढच्या वेळी मात्र काळजी घे हं!" हे शेवटचं वाक्य नीतिमत्तेसाठी होतं.

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, बँकेतलं एक विचारू? तुमच्या कॅशमध्ये एक नोट खोटी निघाली, तर ती शंभराच्या गड्डीत मधे सरकवता का हो? मोजणारा प्रत्येक नोट कुठं बघतो?"

"छे! भलतंच!"

"का?"

"का म्हणजे? शेवटी ती कुणाच्या तरी हातात जाणारच ना!"

"हेही जाणारच," तो म्हणाला. "कुठं बसणार तेही मला माहीत नाही. आम्हाला नुसता ड्रॉइंगचा नंबर असतो."

तो उठून गेला. मेणबत्तीशेजारी माझा बहात्तरचा आकडा तेवढा उरला.

आता जे लिहितो ते मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

बँकेत लागलो तेव्हा माझी सहा महिन्यांची परीक्षणाची मुदत चालू होती. कॅश काउंटरवर बसवलं होतं. एक भाजीवाली मावशी आली. टोपलीच्या तळाशी ठेवलेली, ओल्या मेथीचा वास येणारी शंभराच्या नोटांची गुंडाळी तिनं काचेखालून सरकवली. "मोजून घे भाऊ, मला नाही येत," म्हणाली. मी मोजल्या. पंधरा. स्लिप मीच भरली, तिचा अंगठा घेतला. संध्याकाळी माझी रोख पाचशेनं जास्त आली. ओल्या नोटा एकमेकींना चिकटतात. कुणाच्या, ते मला तेव्हाच कळलं होतं. गड्डीतल्या पाच नोटांना अजून मेथीचा वास होता. पण सांगितलं असतं, तर मोजणी चुकली हे कागदावर आलं असतं. आणि मी परीक्षणावर! साहेबांनी विचारलं, 'कुणाचे असतील?' मी म्हणालो, 'लक्षात येत नाही.' रक्कम नियमाप्रमाणे सस्पेन्स खात्यात गेली. हिशोब जुळला. मावशी विचारायला आली नाही. मी म्हटलं, चालेल.

त्यानंतर वीस वर्षं मी पापडीच्या बाजारात त्याच मावशीकडून भाजी घेतो. घासाघीस करत नाही. बायकोच्या मते मला बाजार करता येत नाही. माझ्या मते मी हप्ते फेडत होतो.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं काय केलं, ते मला त्याच्या उस्तादांकडूनच कळलं. हे गृहस्थ आमच्याच पापडीचे. लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात स्वतः अप्रेंटिस म्हणून लागले, तिथूनच निवृत्त झाले, आणि आता या पोरांना शिकवतात. संध्याकाळी तळ्याकाठी फिरताना दिसतात. मीच जाऊन विचारलं, की पोर कसं आहे.

"सकाळी आलं आणि तीन जॉब माझ्यासमोर ठेवले," उस्ताद म्हणाले. "म्हणालं, 'मोठे झालेत, रात्री लपवले होते.' मी लाल रंग मारला आणि भंगारात टाकले. मग तीन नवीन करायला दिले."

"रागावला नाहीत?"

"रागावलो की! रीमर पुसला नाही म्हणून. आणि रात्रभर लपवले म्हणून." मग थोडा वेळ तळ्याकडं बघत म्हणाले, "साहेब, पोरगा लोखंड खराब करणार हे धरूनच मी त्याच्या हातात लोखंड देतो. लोखंड खराब झालं तर परत भट्टीत जातं. पोर खराब झालं, तर ते कुठल्या भट्टीत घालू?"

मी घरी आलो आणि कायद्याची ती प्रत पुन्हा काढली. अठरावं कलम पुन्हा वाचलं. आता मला त्याचा अर्थ लागल्यासारखा वाटला. शिकणारा आणि राबणारा यांच्यात फरक तो एवढाच: शिकणाऱ्याला चुकायची मुभा असते आणि त्या चुकीचा खर्च शिकवणारा उचलतो. ज्या कारखान्यात शिकाऊ पोराच्या चुकीला जागा नाही, त्यानं त्याला विद्यार्थी म्हणू नये. सरळ कामगार म्हणावं आणि पुरता पगार द्यावा. भंगाराचा डबा ही त्या शाळेची फी आहे, आणि ती मालकानं भरायची असते.

आणि जिथं भंगाराचा डबा ठेवतच नाहीत, तिथं काय होतं? तिथं चुका होत नाहीत असं नाही. टेबलांचे खण भरतात. पाचशे रुपयांची चूक मी कबूल केली नाही, कारण आमच्याकडं चूक नावाच्या वस्तूला ठेवायला जागाच नव्हती. पण हीसुद्धा सबबच, हे मला कळतं. भाच्यालाही नोकरीची भीती होतीच. त्यानं रात्रभर लपवलं आणि सकाळी सांगितलं. माझी सकाळ वीस वर्षं झाली नव्हती.

मग 'चालेल' म्हणायचंच नाही की काय? तसं म्हटलं तर एकही दांडा एकाही भोकात फिरणार नाही, लोकलमध्ये चौथा उभाच राहील आणि माझा संसार बाविसाव्या वर्षी मोडेल. सूट हवीच. फक्त मला त्या ड्रॉइंगवरून असं वाटतं, की सूट कधी ठरली याला महत्त्व आहे. एकवीस सहस्रांशाची सूट भोक पाडायच्या आधी लिहिलेली होती, सर्वांना दिसेल अशी, आणि ज्याला ती पट्टी वापरायची त्याचा विचार करून. माझी दोन शतांशाची सूट भोक पाडून झाल्यावर, वीज गेलेली असताना, मेणबत्तीच्या उजेडात काढलेली होती, आणि तीत फक्त आमचा विचार होता. आधी लिहिली तर ती सूट. नंतर शोधली तर ती सबब. आयुष्याचं ड्रॉइंग कुणी हातात देत नाही, हे खरं. पण आपण 'चालेल' म्हणतो तेव्हा कुणाला चालेल, एवढं विचारायला ड्रॉइंग लागत नाही.

दुसरं म्हणजे, उस्ताद लोखंडाच्या बाबतीत कडक होते आणि पोराच्या बाबतीत सैल. आम्ही बहुतेक उलटं करतो. काम कसंही झालं तरी चालेल म्हणतो, आणि माणूस चुकला की त्याला लाल रंग मारतो.

एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर मला गप्प बसणं कठीण झालं. मी पाचशेची नोट पाकिटात वेगळी घडी करून बाजारात गेलो. मावशी आता थकली आहे, मेथी निवडताना हात थरथरतात. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला आठवणारही नाही. हसेल, म्हणेल, 'असू दे रे भाऊ.' मनातल्या मनात मी तिचा तो संवाद लिहूनही ठेवला होता.

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"वीस नोटा होत्या," ती म्हणाली. "मला मोजता येत नाहीत, पण वीस झाल्याशिवाय मी बँकेत येत नसे. लेकानं पासबुक वाचलं, पंधराशे म्हणाला. बँक कशी चुकेल? म्हणजे घरातूनच गेले. मी सुनेला बोलले. लई बोलले."

मी काही बोलू शकलो नाही.

"ती दोघं मग वेगळी राहायला गेली. नालासोपाऱ्याला. येतात सणाला. पण ती माझ्या हातचा चहा घेत नाही."

माझं ते भोक कुठं जाऊन बसलं होतं, ते मला वीस वर्षांनी कळलं. बँक चुकत नाही या आमच्या कीर्तीनंच एका निरपराध बाईला चोर ठरवलं होतं. बँक चुकते एवढं जरी त्या घरात ठाऊक असतं, तरी पुष्कळ होतं.

मावशीनं नोट घेतली, कमरेच्या बटव्यात ठेवली, आणि मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली. मी निघालो, तशी म्हणाली, "जुडीचे तीस रुपये." मी दिले. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग, भाऊ? तिला सांग जाऊन. पत्ता देते."

येत्या रविवारी नालासोपाऱ्याला जायचं आहे. बायकोला सगळं सांगितलं आहे, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणून घासाघीस करत नव्हतात होय!" त्या बाईसमोर काय बोलायचं, याची मी आरशासमोर तालीम करतो आहे; दर वेळी मधला भाग बरा जमतो आणि दोन्ही टोकांना उजेड दिसतो. भाचा सोबत यायला तयार आहे. मी म्हटलं, "तू कशाला? माझी चूक, मी निस्तरतो."

"येतो ना मामा," तो म्हणाला. "पहिल्या जॉबला शेजारी कुणीतरी उभं लागतं."